बाजार ते बाजार मळईवर

आमचे हे कंपनीतून रिटायर झाले आणि महिन्याभराच्या आत जंगलात राहायला निघाले. आता आमच्या राहू गावात जंगल कुठून आणायचं? घराबाहेर पडलं की ऊस, उसाच्या पलीकडे ऊस, मग भीमा नदी, आणि नदी ओलांडली की शिरूर तालुका लागतो, तिथंही ऊसच. पण माणसानं एकदा मनावर घेतलं की त्याला परसातल्या शेवग्याखालीही वाघ दिसायला लागतो.

सगळं त्या मोबाइलनं केलं. इतकी वर्षं ह्यांचा दिवस कंपनीच्या शिफ्टनं उगवायचा आणि शिफ्टनंच मावळायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कँटीनच्या चहाची वेळ झाली की ह्यांचा घसा कोरडा पडायचा. रिटायर झाल्यावर हातात वेळ आला आणि वेळेबरोबर मोबाइल आला. त्यात कुणी एक गोरा माणूस चाकू घेऊन रानात शिरतो, झाडाची साल खातो, किडे खातो, पालापाचोळ्यावर झोपतो आणि सकाळी उठून हसतो. ते बघून हेही हसायचे. मी शेजारी बसून गिऱ्हाइकांच्या ब्लाउजला हुक लावत असायचे.

"बघ," हे म्हणायचे, "माणसाला जगायला काय लागतं? काय बी लागत न्हाई." आणि लगेच पुढं, "चहा टाक की."

तोवर मला हसू येत होतं. मळईचं नाव निघालं तेव्हा हसू थांबलं.

मळई म्हणजे भीमेच्या काठचा आमचा तुकडा. पुरात नदी तिथं गाळ टाकून जाते, म्हणून पीक घ्यायची कुणाची छाती होत नाही. मग बाभळी माजल्या, बोरी माजल्या, कवठाची दोन झाडं आहेत, खालच्या अंगाला एक ओढा नदीला मिळतो. वरच्या टेकाडावर मात्र पाणी कधी चढलेलं नाही. ह्यांच्या डोक्यात आलं की त्या टेकाडावर दोन खोल्या टाकायच्या, गावातल्या घराला कुलूप लावायचं आणि उरलेलं आयुष्य निसर्गात काढायचं. निसर्ग हा शब्द ह्यांनी मोबाइलमधूनच घरात आणला होता.

गावातलं आमचं घर काही फार मोठं नाही. पण त्या घराला एक भिंत आहे. परसदारी, माझ्या छातीएवढी. भिंतीपलीकडे भाभी राहते. तिचे मालक वेल्डिंगचं दुकान चालवतात. मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी ती आली. तेव्हापासून त्या भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जातायत. तिच्याकडून खिमा आला की माझ्याकडून शेंगदाण्याची चटणी जाते, माझ्याकडून मासवडी गेली की तिच्याकडून फिरनी येते. वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा रिवाज दोन्ही घरांत आधीपासूनचा. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण घालायची. पहिली वाटी कुणाची होती हे आता दोघींनाही आठवत नाही, त्यामुळे हे सगळं थांबवायचं कसं हेही दोघींना माहीत नाही. माझी बाळंतपणं, तिच्या सासूचं आजारपण, सगळं त्या भिंतीवर कोपरं टेकून बोलून झालंय. मळईवर मी कोपरं कशावर टेकणार होते? बाभळीवर?

मी हे ह्यांना सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. तर म्हणाले, "भाभी काय, येतील की कवा तरी भेटाया." तेव्हा माझं टाळकं सरकलं.

"आसं करा," मी म्हणाले, "आधी एकट्यानं ऱ्हाऊन दाखवा. ह्या बाजारापास्नं फुडच्या बाजारापत्तूर. घरचं काय खायाचं न्हाई, दुसऱ्याचं न्हाई, मळईवर जे मिळंल तेवढंच. आन् बाजाराचा दिवस उजाडायच्या आत गावात पाऊल टाकायचं न्हाई. जमलं तर मी मुकाट्यानं बोचकं बांधते. न्हाई जमलं तर मळईचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई."

मी बिनघोर होते. ज्या माणसाला लसूण सोलायला दिला तर तो पाकळ्या फेकून सालं वाटीत ठेवतो, तो जंगलात काय शिजवणार?

हे तयार झाले. सामानावरून मात्र बरीच घासाघीस झाली. मीठ, काडेपेटी, विळा, एक पातेलं आणि माशाचा गळ एवढं मी दिलं. ह्यांनी चहापत्ती मागितली. म्हणे, चहासुद्धा जमिनीतूनच उगवतो. मी म्हणाले, उगवतो, आसामात. तिकडं जाऊन राहा. पाणी शर्तीत धरलं नाही, कारण आमच्या नदीला पुण्याचं जे काही वाहून येतं ते पिऊन माणूस आडवा झाला असता तर मी शर्त कुणाशी जिंकणार होते? पाणी शेजारच्या बोअरचं घ्यायचं ठरलं. आणि झोपायला आप्पांच्या रानातली पाण्याच्या मोटारीची खोली. आमच्याकडचा बिबट्या उसात जन्मतो, उसातच मोठा होतो, त्यानंही खरं जंगल कधी पाहिलेलं नाही, पण त्याची भूक खरी असते. त्यामुळे निसर्गात राहणारा आमचा माणूस दिवस कलला की पत्र्याच्या दाराला आतून कडी लावून बसायचा.

आप्पा म्हणजे ह्यांचे चुलतचुलते. त्यांचं रान मळईला लागून. पंच म्हणून आम्ही त्यांनाच नेमलं, कारण दिवसभर तिथं बसायला दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता आणि आप्पांना दुसरं काम नव्हतं.

थंडी ओसरत आली होती, बोरं पिकली होती. पहिला दिवस ह्यांनी बोरांवर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मोटरसायकलवरून माझ्या दारात आले आणि हसू दाबत म्हणाले, "सूनबाई, बोरं सोसली न्हाईत. सारखं झाडामागं चाललंय." मी भाभीला भिंतीवरून ही बातमी दिली. ती डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून हसली.

खरी गंमत पुढंच होती. हे तांदुळजा, घोळ, पाथरी शोधायला निघाले. लहानपणी ह्यांच्या आईनं खाऊ घातलेल्या रानभाज्या. पण बांधाबांधावर तणनाशक मारलेलं. इतकं हिरवं रान, डोळे निवावेत असं, आणि त्यात माणसाच्या तोंडात घालायला एक पान नाही! उसात ऊस सोडून काही उगवू द्यायचं नाही, असंच आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. हे संध्याकाळी दोन कवठं फोडून बसले. शेजारी आप्पांचा ऊस डोलत होता, पण तो दुसऱ्याचा. ह्यांनी पंचांकडे दाद मागितली. आप्पांनी बराच विचार करून निकाल दिला, "फडात शिरून मोडला तर चोरी. ट्रॉलीतनं रस्त्यावर पडलेला उचलला तर जंगल." मग काय, कारखान्याला जाणाऱ्या ट्रॉल्यांमागं आमचे रिटायर साहेब वेचत वेचत चालले. गावातल्या लोकांनी ते बघितलं.

लोकांनी जे बघितलं त्याचा त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला. नदीच्या समोरच्या काठाला वडगाव रासाई, माझं माहेर. मळईवरचा धूर तिथून दिसतो. माझ्या धाकट्या भावाचा फोन आला, आवाज एकदम गंभीर. "आक्का, दाजी घर सोडून नदीला गेल्यात म्हणं. काय बोललीस तू त्यास्नी?"

"आरं, शर्त हाय ती."

"शर्त कसली? नवराबायकूत शर्त आस्ती व्हय?"

त्याला ते पटलंच नाही. दुपारी तो पुलावरून वळसा घालून भाकरी, पिठलं आणि माफी घेऊन मळईवर पोचला. ह्यांनी भाकरीला हात लावला नाही, तर तो आणखी घाबरला. आमच्याकडं मेहुण्यानं आणलेलं परत पाठवणं म्हणजे संबंध तोडण्यासारखंच. "आमचं काय चुकलं दाजी?" तो हात जोडून विचारत राहिला. हे बिचारे त्याला मोबाइलमधला गोरा माणूस समजावून सांगत राहिले. शेवटी ते पिठलं आप्पांनी खाल्लं. माझा भाऊ जाताना मला सांगून गेला, "आप्पा चांगलं मानूस हाय. त्येंनी आपली भाकरी ठिवून घेतली."

दोन दिवस असे गेले आणि मग बातम्या बदलायला लागल्या. ह्यांनी ओढ्यातले खेकडे धरले. बाभळीचा डिंक काढला. शेणाच्या गोवऱ्या पेटवून खेकड्यांचं, कवठाचा गर घालून कसलंसं कालवण केलं आणि ते स्वतःच चांगलं म्हणाले. आप्पा म्हणायला लागले, "सूनबाई, गडी रुळला बरं का." इतके दिवस मी शर्त म्हणजे खेळ समजत होते. आता मशीनवर बसले की नजर भिंतीकडेच जायची. कुलूप, कडी, परसदारी वाढलेलं गवत, आणि भिंतीपलीकडं भाभी एकटी उभी, असं काय काय डोळ्यांसमोर यायचं. मला रडू यायचं आणि रडू आलं म्हणून रागही यायचा.

न राहवून मी मळईवर गेले. हे दगडावर बसले होते. दाढी वाढलेली, शर्ट ढगळ झालेला. मला बघून चेहरा इतका फुलला की मी घरून पाठ करून आणलेलं भांडण विसरले.

"बस," म्हणाले, आणि दगड फुंकून साफ केला. पाहुण्याला काही द्यावं म्हणून इकडं तिकडं बघितलं आणि एक बोर दिलं. एकच. त्यांच्याकडे तेवढंच राहिलं होतं.

मी बोर खाल्लं. बसल्या बसल्या माझं लक्ष ओढ्याच्या कडेला गेलं. तिथं ओलीवर चिघळ, घोळीची बारीक पानांची बहीण, पसरली होती, कोवळी, लालसर देठांची, अगदी ह्यांच्या पायापाशी. ह्यांना ती ओळखू आलेली नव्हती. माहेरी आम्ही पोरी नदीला धुणं घेऊन यायचो तेव्हा जाताना ओटीत चिघळ खुडून न्यायचो. मी गप्प बसले असते तर त्या दिवशी ह्यांच्या पोटात एका कवठाशिवाय काही पडणार नव्हतं. आणखी एक उपास, आणि कदाचित भिंत माझी. मी दातांवर दात ठेवून बसले. मग ह्यांच्या गळ्याची हाडं दिसली.

"आवो, ती चिघळ हाय," मी ओरडलेच. "पायाखाली तुडवताय! धुवा, चिरा, मीठ घाला आन् खा."

घरी परत येताना मी सगळ्या वाटेनं स्वतःला शिव्या घातल्या.

भाभीला सांगितलं तर ती हसली नाही. "वैनी, तुमचं तुम्ही बघा," म्हणाली, "शर्त तुमची हाय, माझी न्हाई. मानूस उपाशी हाय आन् मी हितं मटण शिजवतीय, हे मला खपत न्हाई." तिनं तिच्या आईकडचा तीन पुडांचा स्टीलचा डबा काढला. खाली रस्सा, मध्ये भात, वर भाकरी. आप्पांच्या हाती दिला. मी मध्ये पडले नाही. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, आता हे नक्की खाणार, नक्की हरणार, आणि ह्यात माझा काही हातसुद्धा नाही. भाभीच्या मटणापुढं कुठलाही गोरा माणूस टिकला नसता.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले ते मिशा पुसत. "न्हाई खाल्लं त्येनं," म्हणाले.

"मग डबा?"

"आता वाया घालवायचं का? म्या खाल्लं. समोर ऱ्हायलं आस्तं तर त्येचं मन चाळवलं आस्तं. पंच म्हणून मला बघावं लागतं."

डबा मात्र मळईवरच राहिला. ह्यांनी तो राखेनं लख्ख घासला आणि बाभळीच्या खुंटीवर उपडा घातला. आप्पा रोज परत न्यायला हात पुढं करायचे आणि हे रोज म्हणायचे, "थांबा, रिकामा कसा द्यायचा?" पण घालायचं काय? बोरं सरली होती. खेकडे करंगळीएवढे, आणि भाभीच्या घरी खेकडा चालत नाही. चिघळ ह्यांच्याच पोटाला पुरत नव्हती. आप्पांच्या सांगण्यानुसार आमचा जंगलातला माणूस आता ना आभाळाकडे बघत होता ना पाखरांकडे. डब्याकडे बघत बसायचा. म्हणायचा, "खाल्लं तुम्ही, पण डबा आलाय माझ्या नावानं."

बाजाराच्या आदल्या दिवशी मी हरल्यात जमा होते. दुपारी कपाट उघडून कुठलं पातळ बोचक्यात घालायचं ते बघितलं आणि कपाट पुन्हा लावलं. दिवस कलायला लागला. मी परसदारी भांडी घासत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"भाभी, हाय का घरात? डबा घ्या."

हातातलं पातेलं निसटलं. मी भिंतीशी धावले. पलीकडच्या अंगणात हे उभे होते, पायांना चिखल, डोक्यात बाभळीचा पाला, दोन्ही हातांत तो डबा धरलेला. अगदी सत्यनारायणाचा प्रसाद धरावा तसा. मागून आप्पा धापा टाकत आले. मोटरसायकल त्यांनी वाटेतच सोडली होती की काय कोण जाणे.

"येड्या, हरलास!" आप्पा ओरडले. "उंद्या सकाळी आला आस्तास तर जिकला आस्तास. एक रात काढायची हुती, एक!"

"सकाळपत्तूर मासा ऱ्हातोय व्हय?" हे म्हणाले.

डबा उघडला. तिन्ही पुडांत मरळीच्या तुकड्या, स्वच्छ धुतलेल्या, मीठ चोळलेल्या. ओढ्याच्या डोहात इतके दिवस गळाला हूल देणारी मरळ त्या दुपारी लागली होती, हाताएवढी. ह्यांनी स्वतःसाठी एक तुकडीसुद्धा भाजली नव्हती. डोळे मात्र त्या डब्यावरून हलत नव्हते. आठवडाभराची भूक अशी समोर दिसली की काय वाटतं ते मला सांगता येणार नाही.

"आरं, मग माझ्याकडं द्यायचास," आप्पा म्हणाले. "म्या पोचिवला नसता का?"

"तुमच्याकडं?" हे म्हणाले. "मागचा डबा कुठं पोचला ते म्या बघितलंय की."

भाभीनं डबा घेतला. ती पदरानं डोळे पुसत आत गेली आणि आतून कांदा चिरल्याचा आवाज यायला लागला. हे वळून आमच्या दारात आले. मी पाणी दिलं, चहा टाकला, भाकरी थापायला बसले. शर्त मी जिंकले होते. वाटलं होतं, जिंकल्यावर चार शब्द सुनावायचे. सगळे जमवूनही ठेवले होते. त्याऐवजी परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.

"तिकडं जमलं आस्तं गं," चहाचा पहिला घोट घेऊन हे म्हणाले. "पोटाचं काय, भागतं. पर मरळ लागली आन् हाक मारायला कुणी न्हाई. आप्पा तेवढे. येवढा मासा घिऊन म्या येकलाच हुबा. मला लई कसंतरी झालं."

मी तव्यावरची भाकरी उलटली. धुरानं डोळ्यांतून पाणी येतं, हे किती बरं आहे.

अंधार पडायच्या आत भिंतीवरून वाटी आली. कोथिंबीर घातलेला लाल रस्सा आणि वर मरळीचं डोकं, कारण ते मला आवडतं हे भाभीला माहीत आहे. ह्यांनी दोन तुकड्या आणि भाकरी इतक्या हळू खाल्ल्या की मी प्रथमच ह्यांना चावून खाताना बघितलं. मळईचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

जेवण झाल्यावर मी हात धुऊन येते तो काय, हे माझ्या स्वयंपाकघरात. भाभीची वाटी घासून पुसून हातात धरलेली आणि फळीवरचे डबे एकेक उघडून आत नाक घालतायत. हळदीचा उघडला, मिटला. खाण्याच्या सोड्याचा उघडला, बोटानं चाटून बघितला, तोंड वाकडं केलं. आठवडाभर जंगलात निभावलेला माणूस स्वतःच्या घरात चार खडे गूळ शोधत होता.

"आगं, गूळ कुठं ठिवलाय?" हे हाका मारायला लागले. "भाभी झोपतील. वाटी द्यायचीय."

मी आधी उंबऱ्यावर बसले आणि बघत राहिले. मग म्हणाले, "वरच्या फळीवर, डाव्या हाताला. आन् खडा मोठा घाला."